दोनदा सांगितलेला भाव

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात सिंधूबाई खंबायत यांच्या दारात भाव एकदाच सांगून कोणी सुटत नाही. मेथीवाली असो, पंखा दुरुस्त करणारा असो, नाहीतर सुताचा दलाल असो, त्यानं आकडा सांगितला की बाई पदर खोचतात आणि म्हणतात, "फिरून सांगा." नवा माणूस जरा गोंधळतो, मग तोच आकडा पुन्हा सांगतो, आणि तिथेच सौदा पक्का होतो. कोपऱ्यावर गेल्यावर आपण पाच रुपयांनी चुकलो हे त्याच्या लक्षात आलं, तरी परत येऊन उपयोग नसतो. गल्लीत त्यांना पाठीमागे 'फिरूनकाकू' म्हणतात. बाईंना ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

ही खोड काही त्यांची स्वतःची नाही. गल्लीतल्या मागवाल्यांत आणि त्यांचं कोरं कापड घेणाऱ्या व्यापाऱ्यांत हा जुना रिवाज आहे. समोरच्यानं सांगितलेला भाव फारच कमी वाटला, तर घेणाऱ्यानं मनातल्या मनात खूश होऊन माल उचलायचा नाही. त्यानं एकदा विचारायचं. सांगणाऱ्याला आपली चूक सुधारायची ती एक संधी. तरीही त्यानं तोच भाव सांगितला, तर मग तो भाव त्याचा. चुकीचा असला तरी निभवायचा. न विचारता माल उचलणाऱ्याला गल्लीत पुन्हा कोणी चहासुद्धा विचारत नसे. आता व्यापार मोबाइलवर गेला, रिवाज पातळ झाला. सिंधूबाईंच्या घरात मात्र तो अजून जसाच्या तसा आहे.

घर म्हणजे खाली माग आणि वर राहणं. बुऱ्हाणपुरात याचं कोणाला नवल वाटत नाही. खाली चोवीस पॉवरलूम खडखडतात आणि वर त्याच तालावर वरणाला फोडणी पडते. माग बंद पडले की वरच्या माणसांचं जेवणात लक्ष लागत नाही. त्या चोवीस मागांच्या दोन रांगा, आणि मधेच उजव्या भिंतीपाशी दोन मागांची जागा रिकामी. फरशीवर जुन्या बोल्टांची भोकं अजून दिसतात. मिस्त्री आला की म्हणतो, इथं दोन माग आरामात बसतील. सिंधूबाई ऐकून घेतात आणि विषय बदलतात.

त्यांचे यजमान रमेशभाऊ साधे, सालस. तीस वर्षं कापसाची फुंदी छातीत गेल्यामुळे त्यांना दम लागतो, आणि भांडणाचं नाव काढलं की तो आणखी वाढतो. त्यामुळे कारखान्याचा सगळा व्यवहार बाईंच्या हाती. शिक्षण नववीपर्यंत, पण कोऱ्या कागदावर सही करायची नाही आणि दिलेल्या कागदाची झेरॉक्स ठेवायची, हे दोन नियम त्यांनी इतके कडक पाळले की बँकेतले लोकही त्यांना पाहून कोरे रकाने भरण्यासाठी पेन शोधायला लागतात.

दोन वर्षांमागची गोष्ट. आगीच्या विम्याची मुदत संपत आली होती. आधीची कंपनी दरसाल तेरा हजारांच्या वर हप्ता घेत असे. गल्लीतलाच उमेश नवीन एका कंपनीचा एजंट झाला होता, तो फॉर्म घेऊन आला आणि सवयीनं म्हणाला, काकू, खाली सही करा, बाकीचं मी भरतो. काकूंनी फॉर्म ओढून घेतला, चष्मा लावला आणि अर्धा तास बसून एकेक रकाना स्वतः भरला. 'इमारतीचा उपयोग' असं जिथं छापलं होतं तिथं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'खाली चोवीस माग, वर राहणं.'

आठवड्यानं इंदूरच्या ऑफिसातून भाव आला. हप्ता फक्त चार हजार एकशे. उमेशचा चेहरा असा खुलला होता, जणू वाचलेले पैसे त्यालाच मिळणार होते. रमेशभाऊही म्हणाले, भरून टाक. सिंधूबाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली. तेरा हजारांची वस्तू कोणी चार हजारांना देत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"काकू, स्वस्त मिळून राहिलं तं घ्या ना गुपचूप," उमेश म्हणाला.

"गुपचूप घेतलं तं चोरी झाली, बाप्पा," बाई म्हणाल्या. "लाव फोन."

इंदूरच्या ऑफिसात अरविंद नावाचा एक तरुण अधिकारी होता. बाईंनी त्याला आपल्या बुऱ्हाणपुरी हिंदीत सांगितलं, की साहेब, खाली माग चालतात, नुसतं घर नाही, भाव कमी वाटतो, फिरून बघा आणि फिरून सांगा. पोरगा घाईत असावा. त्यानं दोन मिनिटं किबोर्ड वाजवला आणि सांगितलं, माताजी, बराबर है. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. लिहून पाठवा म्हणाल्या. संध्याकाळी उमेशच्या मोबाइलवर मेल आला, की रेट दोबारा चेक किया, सही है. बाईंनी झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रत काढली, पत्र्याच्या पेटीत ठेवली, आणि मग चार हजार एकशे भरले. चार दिवसांनी पॉलिसी घरी आली.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, चैत्रातल्या भर दुपारी, मागच्या बाजूच्या वायरीतून ठिणगी पडली. मागांच्या आसपास फुंदी साचतेच, कितीही झाडा. तिनं पेट घेतला. कारागिरांनी मेन स्विच पाडला, बादल्या ओतल्या, गल्ली धावली. माणसं सगळी वाचली. पण मागच्या आठ मागांचा कोळसा झाला, वरचे पत्रे वाकले, तयार कापड गेलं. कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला, आणि नुकसान साडेसात लाखांचं ठरलं.

पैशाऐवजी महिन्याभरानं पत्र आलं. पत्र हिंदीत होतं, आणि सिंधूबाईंची धाकटी मुलगी योगिता, जी निंबोल्याच्या शाळेत शिकवते, तिनं ते वाचून दाखवलं. कंपनीचं म्हणणं असं, की आमच्या ऑफिसनं चुकून घराचा दर लावला. मागांचा दर लावला असता तर हप्ता तेरा हजार सहाशे झाला असता. तुम्ही भरले चार हजार एकशे. म्हणजे जेवढ्या वाट्याचा हप्ता, तेवढ्या वाट्याची भरपाई. सव्वादोन लाख घ्या आणि सही करा. पत्राच्या शेवटी आणखी एक वाक्य होतं. आधीच्या कंपनीचा हप्ता पाहता दर चुकीचा असल्याचं आपणास ज्ञात होतं, तरी आपण त्याचा लाभ घेतला.

योगितानं ते वाक्य खालच्या आवाजात वाचलं. सिंधूबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं उगीच काढून पुन्हा लावत बसल्या. घरच्यांना हे लक्षण माहीत होतं. बाई रागावल्या की बोलतात. अपमान झाला की डबे लावतात.

सव्वादोन लाखांत आठ माग उभे राहत नव्हते. आणि सोळा मागांवर कारखाना चालत नव्हता, कारण ज्या व्यापाऱ्याचं काम होतं त्याला चोवीस मागांचा माल लागे; नाहीतर तो दुसरीकडे जाणार होता. दिवाळीपर्यंत पैसे आले नाहीत तर उरलेले माग भंगाराच्या भावानं काढावे लागणार, हे घरात प्रत्येकाला कळत होतं. आठ मागांवरचे दोन कारागीर तर आजच घरी बसले होते. रमेशभाऊ म्हणाले, मिळतंय ते पदरात पाडून घेऊ, मोठ्या लोकांशी कुठं वाद घालायचा. त्यांचं चुकत होतं असं नाही. त्यांना भीती वाटत होती आणि ती खरीच होती.

सिंधूबाईंनी आधी उमेशला बोलावलं. तो बिचारा आठ दिवस गल्लीच्या दुसऱ्या टोकानं जात होता. कंपनीविरुद्ध बोललं तर एजन्सी जायची. बाईंनी त्याला चहा दिला आणि एवढंच विचारलं, की मी त्या दिवशी फोन लावायला सांगितला होता की नव्हता. उमेशनं कप खाली ठेवला. मग मोबाइल काढून तो जुना मेल त्यानं योगिताला पाठवला आणि म्हणाला, लागला तर माझा जबाबही लिहून घ्या, काकू. त्या दिवसापासून बाईंच्या मनात उमेशला वेगळं स्थान आहे.

योगितानं भोपाळला विमा लोकपालांकडे तक्रार पाठवली. ग्राहकाचं आणि विमा कंपनीचं पटलं नाही तर ते ऐकून निवाडा देणारं हे ऑफिस. सोबत फॉर्मची झेरॉक्स, मेलची झेरॉक्स, पॉलिसीची झेरॉक्स. कागद जोडताना ती आईकडे बघून हसली. लहानपणी या झेरॉक्सच्या खर्चावरून तिनं आईची किती चेष्टा केली होती.

सुनावणी मोबाइलवर होती, गणपतीच्या आधी चार दिवस, सकाळी अकरा वाजता. वर नेटवर्क धड येत नाही म्हणून सगळे खाली कारखान्यात बसले. एका तासासाठी सोळाही माग बंद केले होते आणि ती शांतता सगळ्यांच्याच अंगावर येत होती. योगितानं मोबाइल सूत गुंडाळलेल्या एका बीमला टेकवून ठेवला. पडद्यावर एका चौकटीत लोकपाल साहेब, दुसऱ्या चौकटीत कंपनीच्या वकील बाई, आणि त्यांच्या मागे खुर्चीच्या कडेला बसलेला एक उतरल्या चेहऱ्याचा तरुण. त्याचं नाव घेतलं तेव्हा कळलं, हाच तो अरविंद. लोकपाल साहेबांनी नोकरीची काही वर्षं नागपुरात काढली होती, त्यामुळे त्यांनी सिंधूबाईंना सांगितलं, मराठीत बोला, मला समजतं. तिथं बाईंचा अर्धा ताण गेला.

वकील बाईंनी मुद्दा नीट मांडला. चूक ही चूकच असते, म्हणाल्या. दुकानदारानं हजाराच्या वस्तूवर चुकून शंभराची चिठ्ठी लावली, तर गिऱ्हाईकानं शंभराचाच हट्ट धरावा का? आणि इथं तर गिऱ्हाईकाला खरा भाव माहीत होता, कारण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी स्वतः तेरा हजार भरलेले होते.

साहेबांनी विचारलं, "सिंधूबाई, भाव चुकलाय हे तुम्हाला माहीत होतं का?"

रमेशभाऊंनी डोळे मिटून घेतले. बायकोनं नाही म्हणावं, असं त्यांना वाटत होतं.

"वाटलंच होतं साहेब," सिंधूबाई म्हणाल्या. "म्हणून तं इचारलं. माहीत नसतं तं कायले इचारलं असतं?"

साहेबांनी समोरचे कागद चाळले. फॉर्मवर मागांचा उल्लेख आहे का, असं त्यांनी वकील बाईंना विचारलं. आहे. दर पुन्हा तपासल्याचा मेल तुमच्या ऑफिसचाच का? हो. त्यानंतर पैसे घेतले, पॉलिसी दिली, अकरा महिने काही कळवलं नाही? नाही. वकील बाईंचा आवाज प्रत्येक उत्तराला थोडा खाली येत होता. मग त्यांनी बाजूला कोणाशी तरी कुजबुज केली आणि एक तोड पुढे ठेवली. कंपनी साडेसात लाख द्यायला तयार आहे, फक्त हप्त्यातला फरक, साडेनऊ हजार, बाईंनी भरावा. प्रकरण इथंच मिटवू.

कारखान्यात सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. उमेशनं तर हात जोडले. साडेनऊ हजारांत साडेसात लाख, याला नाही कोण म्हणेल? रमेशभाऊ हलकेच म्हणाले, "हो म्हण."

"नाई," सिंधूबाई म्हणाल्या.

योगितानं आईचा हात धरला. साहेबांनीही चष्मा काढला आणि विचारलं की एवढ्या रकमेसाठी तुम्ही सगळं टांगणीला का लावता. बाईंनी बीमला टेकवलेला मोबाइल उचलला आणि त्या उजव्या भिंतीपाशी गेल्या. मोबाइल खाली वळवून त्यांनी ती रिकामी फरशी दाखवली, बोल्टांच्या भोकांसकट. मग त्यांनी तिथं उभ्या उभ्याच सांगितलं, जे योगितानंही पूर्ण कधी ऐकलं नव्हतं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासरे सदाशिव, ज्यांना सगळे आबा म्हणत, सूत आणायला बाहेर गेले होते. दारात कडूशेठ आले, भुसावळकडचे कापडाचे व्यापारी. बारा हजार मीटर कोरं कापड हवं होतं. भाव विचारला. तेवीस वर्षांच्या सिंधूला आपल्यालाही व्यवहार कळतो हे दाखवायची हौस. तिनं गेल्या महिन्यातला भाव सांगितला. सूत त्याच आठवड्यात चढलं होतं आणि मीटरमागे रुपयाचा फरक पडत होता, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. कडूशेठ सच्चा माणूस. म्हणाले, बेटी, फिरून सांग. तिला वाटलं, बाई म्हणून माझ्यावर विश्वास नाही. तिनं ताठ मानेनं तोच भाव पुन्हा सांगितला.

आबा परतले तेव्हा सौदा झाला होता. बारा हजारांचा खड्डा. तेव्हा बारा हजार म्हणजे दोन माग. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, शेजारच्यांनी सल्ला दिला, की सूनबाईला काय कळतं म्हणून सांगा आणि भाव फिरवा. आबांनी कोणाचं ऐकलं नाही. या भिंतीपाशी दोन माग होते, ते त्यांनी विकले आणि कडूशेठला सगळं कापड ठरलेल्या भावानं दिलं. दिवाळीनंतर कडूशेठ स्वतः निम्मा फरक घेऊन आले. आबांनी त्यांना फराळ खाऊ घातला आणि पाकीट परत दिलं. तुम्ही विचारलं होतं, एवढंच म्हणाले.

"साहेब, चूक माझी व्हती आणि दाम आबांनी भरला," सिंधूबाई म्हणाल्या. "कडूशेठ देत व्हते तं आबांनी घेतला नाई. मी आज फरक भरला, तं आबांचे दोन माग उगीच गेले म्हणायचे. मी न इचारता घेतलं असतं, तं कंपनीचा सव्वादोन लाखाचा कागदही घेतला नसता. पण मी इचारलं."

रमेशभाऊंना आपल्या बापाची ती गोष्ट अर्थातच माहीत होती. पण बायको इतकी वर्षं ती जागा का भरू देत नाही, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि मोबाइलच्या चौकटीत दोघंही दिसायला लागले. दम लागला होता तरी ते ताठ उभे होते.

साहेबांनी आणखी काही सांगायचं आहे का विचारलं, तेव्हा बाईंनी त्या खुर्चीच्या कडेला बसलेल्या तरुणाकडे बोट केलं. त्याचं काय होणार, असं विचारलं. वकील बाई म्हणाल्या, तो ऑफिसचा अंतर्गत मामला आहे, सध्या त्याला दर काढायच्या कामावरून दूर केलं आहे.

"त्या दिवशी आबा मले काई बोलले नाई," सिंधूबाई म्हणाल्या. "जेवले, हात धुतले, आणि म्हणाले, उद्यापासून भाव तूच सांगशील, आता तुह्याइतकं सांभाळून कोणी सांगणार नाई. मी तीस वर्षं सांगून राहिली, साहेब, एक डाव चुकली नाई. या पोरालेही भाव सांगू द्या."

निवाडा दसऱ्याच्या आधी आला. फॉर्ममध्ये काही लपवलेलं नाही, ग्राहकानं स्वतः शंका काढली, कंपनीनं तपासून दर कायम केला, म्हणून भरपाई पूर्ण द्यावी आणि हप्त्याचा फरक मागू नये. योगितानं तो निवाडा दोनदा वाचला, कारण आईनं फिरून वाचायला लावला. रमेशभाऊंनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात तोच एक निवाडा आपल्या पद्धतीनं सांगितला. दहाव्या दारापर्यंत त्यांच्या सांगण्यात लोकपाल साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते. दिवाळीला चोवीस मागांची पूजा झाली. नवे आठ माग बसवणाऱ्या मिस्त्रीनं उजव्या भिंतीपाशी टेप धरली आणि इथंही दोन बसवू का म्हणून विचारलं. या वेळी रमेशभाऊंनीच त्याला सांगितलं, ती जागा आबांची आहे.

गेल्या वैशाखात पुन्हा मुदत आली. बाईंनी त्याच कंपनीकडे फॉर्म पाठवला, तसाच ठळक लिहून. चार दिवसांनी इंदूरहून फोन आला. आवाज ओळखीचा होता.

"माताजी, अरविंद बोल रहा हूं. तेरह हजार नौ सौ."

सिंधूबाईंनी पदर खोचला. "फिरून सांगा."

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"तेरह हजार नौ सौ," अरविंद म्हणाला. "अब मैं ही बताता हूं, माताजी. दो बार देखकर."

बाईंनी एक रुपयाही कमी करायला सांगितलं नाही. दुपारी त्या स्वतः बँकेत जाऊन पैसे भरून आल्या आणि येताना पावतीची झेरॉक्स काढली.